मोटारीच्या पोटाखालची भट्टी

घाट चढताना डॅशबोर्डावरील पाण्याचा काटा वर सरकू लागला की गाडी कडेला घ्यावी, बॉनेट उघडावे, इंजिन निवू द्यावे आणि मगच रेडिएटरच्या झाकणाला हात लावावा, हे ज्ञान चालकांच्या एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिलेले आहे. परंतु आजच्या पेट्रोल मोटारीत इंजिनातील पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक तापणारा एक भाग असतो आणि त्याच्यासाठी बहुतेक गाड्यांत काटा नसतो. पाणी शंभर अंशांच्या आसपास खेळते. हा भाग मात्र नेहमीच्या प्रवासात चारशे ते आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. तो बिघडला तर ते चालकाला बहुधा महिन्यांनी कळते, आणि कधी कधी गाडीखालचे वाळलेले गवत पेटल्यावरच कळते. हा भाग म्हणजे उत्प्रेरकी परिवर्तक होय. गॅरेजमध्ये आणि सुट्या भागांच्या दुकानांत तो ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ याच नावाने ओळखला जातो.

शासकीय कार्यालयांच्या गाड्या, शाळांच्या बसगाड्या, रुग्णवाहिका आणि आता गावोगावी दिसणाऱ्या खाजगी मोटारी यांपैकी जवळजवळ प्रत्येक नव्या वाहनाच्या पोटाखाली अशी एक भट्टी बसविलेली आहे. तिची रचना, तिचे तापमान आणि ते मर्यादेबाहेर जाण्याची कारणे यांची माहिती म्हणूनच केवळ मेकॅनिकपुरती ठेवून चालणार नाही.

जन्माची कथा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर दाट, डोळे झोंबविणारे धुरके दाटू लागले. मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके तयार होते, असे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये जन्मलेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते युजीन हूद्री हे उत्प्रेरकाच्या साहाय्याने मोटारीचा धूर निवळण्याच्या खटपटीत होते. खनिज तेलापासून उत्तम दर्जाचे पेट्रोल काढण्याच्या उत्प्रेरकी पद्धतीमुळे हूद्री यांचे नाव आधीच झालेले होते. त्यांच्या परिवर्तकाला १९५६ मध्ये पेटंट मिळाले. पण तो रस्त्यावर येऊ शकला नाही. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे आणि शिशाचा थर बसला की उत्प्रेरक निकामी होत असे.

अमेरिकेने १९७० मध्ये शुद्ध हवेचा कडक कायदा केला, तेव्हा चित्र बदलले. १९७५ सालच्या गाड्यांपासून तेथे परिवर्तक सर्रास बसू लागले आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही पंपांवर आले. मूळ कायदा हवेचा होता. परंतु त्याच्या पोटी पेट्रोलमधील शिसे हटले, हा त्याचा फार मोठा आणि काहीसा अनपेक्षित लाभ म्हटला पाहिजे. मुलांच्या मेंदूवर शिशाचे होणारे परिणाम आज सर्वज्ञात आहेत.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नोंदल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक आवश्यक करण्यात आला आणि त्याच दिवशी तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. या आरंभीच्या काळात एक विचित्र अडचण होती. मुंबईची गाडी सुट्टीत गावाकडे नेली की वाटेत शिसेयुक्त पेट्रोल भरण्याचा प्रसंग येई आणि परिवर्तकाला विषबाधा होई. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर ती अडचण संपली. पुढे भारत स्टेजची मानके क्रमाने कडक होत गेली आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक सर्व देशभर लागू झाले. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था या मानकांनुसार वाहनांची तपासणी करणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी एक आहे.

आत काय असते?

बाहेरून पाहिले तर परिवर्तक हा सायलेन्सरसारखाच पोलादी डबा दिसतो. आत मात्र कॉर्डिएराइट नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची एक वीट असते. मधाच्या पोळ्यासारखी तिला आरपार छिद्रे असतात. एका चौरस इंचात चारशे छिद्रे हे प्रमाण नेहमीचे आहे. उष्णतेने हा पदार्थ फारच थोडा प्रसरण पावतो, म्हणून थंड गाडी सुरू करताच उसळणाऱ्या उष्णतेने तो तडकत नाही. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत लेप दिलेला असतो. या लेपातील सूक्ष्म खाचाखोचांचे सगळे पृष्ठफळ उलगडून मांडले तर एखादे मोठे क्रीडांगण भरेल. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. सगळे मिळून वजन काही ग्रॅम. पण परिवर्तकांच्या चोऱ्या होतात त्या या काही ग्रॅमांसाठीच.

इंजिनातून येणाऱ्या धुरात तीन उपद्रवी घटक असतात : अर्धवट जळालेल्या इंधनाचा कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि अतिउष्णतेत हवेतूनच तयार होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे. पहिल्या दोहोंना ऑक्सिजन हवा असतो, तर तिसऱ्यातला ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. ही दोन्ही कामे एकाच डब्यात व्हावयाची तर एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण काटेकोरपणे सांभाळावे लागते. हे प्रमाण सांभाळण्यासाठी परिवर्तकाच्या तोंडाशी ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. त्याच्याकडून मिळणाऱ्या संदेशानुसार गाडीतील संगणक पेट्रोल क्षणोक्षणी कमीजास्त करतो. परिवर्तकाच्या मागेही असाच दुसरा सेन्सर असतो; तो परिवर्तकाच्या कामाची तपासणी करतो.

उत्प्रेरक स्वतः जळत नाही, पण जी क्रिया एरवी फार मोठ्या उष्णतेत झाली असती ती तो कमी उष्णतेत घडवून आणतो. तथापि त्यालाही काही किमान ऊब लागतेच. साधारण अडीचशे ते तीनशे अंशांना तो ‘जागा’ होतो. त्याखाली असताना धूर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. कार्यालयापासून पंचायत समितीपर्यंत दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणारी गाडी यामुळेच प्रत्यक्ष अंतराच्या मानाने अधिक घाण करते. हा जागे होण्याचा वेळ वाचविण्यासाठी नव्या गाड्यांत परिवर्तक गाडीच्या मध्यभागी न ठेवता इंजिनाला अगदी चिकटून बसविला जातो. त्यामुळे तो लवकर तापतो हे खरे. पण त्याच कारणाने तो अतितप्त होण्याचा धोकाही वाढतो.

तापमान मर्यादेबाहेर का जाते?

परिवर्तकाला दोन प्रकारची उष्णता मिळते. एक इंजिनाच्या धुराबरोबर येते. ती इंजिनावरील भारावर अवलंबून असते. गाडी उभ्या उभ्या चालू असताना ती कमी असते; बोरघाटासारख्या चढावर भरलेली गाडी ॲक्सिलरेटर दाबून पळविली तर धुराचेच तापमान आठशे अंशांपलीकडे जाऊ शकते. दुसरी उष्णता परिवर्तकाच्या आतच जन्म घेते, कारण तेथे होणारी क्रिया म्हणजे एक प्रकारचे ज्वलनच आहे. धुरातील एक टक्का कार्बन मोनॉक्साइड जळाला, की धुराचे तापमान सुमारे ९० अंशांनी वाढते. इंजिन सुस्थितीत असेल तर जळण्याजोगे फारसे काही शिल्लक नसते आणि ही वाढ माफक राहते. संकट ओढवते ते इंजिनाने आपले काम परिवर्तकावर ढकलले की.

याचा सर्वांत ठळक प्रकार म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘मिसिंग’. स्पार्क प्लग खराब झाला, इग्निशन कॉइल गेली किंवा वायर सैल झाली की एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरची पाळी सेकंदाला २५ वेळा येते. म्हणजेच बंद पडलेल्या एका सिलिंडरमधून पेट्रोल आणि हवा यांचे न जळालेले मिश्रण सेकंदाला २५ वेळा परिवर्तकात ओतले जाते. तेथे तापलेला उत्प्रेरक वाटच पाहत असतो. जे ज्वलन सिलिंडरमध्ये होऊन गाडी ओढावयाची, ते त्या विटेत होते आणि तापमान थोड्याच वेळात शेकडो अंशांनी चढते.

येथे एक प्रश्न जिज्ञासू वाचकाच्या मनात येईल. अनेक गाड्यांत परिवर्तक फार तापू लागला की संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो आणि त्यामुळे परिवर्तक थंड होतो, असे सांगितले जाते. मग जादा पेट्रोलाने तो तापतो की थंड होतो? दोन्ही खरे आहे आणि यातील मर्म ऑक्सिजनमध्ये आहे. सर्व सिलिंडर नीट पेटत असताना पेट्रोल वाढविले तर धुरात न जळालेले इंधन राहते, पण ते जाळण्यास ऑक्सिजन उरत नाही. ते जादा पेट्रोल वाफ होताना आणि तापताना उष्णता शोषून घेते, म्हणून धूर थंड पडतो. मिसिंगमध्ये मात्र इंधन आणि त्याला पुरेल इतका ऑक्सिजन, दोघेही हातात हात घालून येतात. चुलीत लाकडे कोंबून तोंड बंद करणे आणि लाकडे घालून फुंकणीने फुंकणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

एका सिलिंडरचा इंजेक्टर गळत असेल तर याहून फसवी स्थिती होते. त्या सिलिंडरमधून कार्बन मोनॉक्साइडने भरलेला धूर निघतो. सेन्सर सगळ्या सिलिंडरांचा मिळून एकच हिशेब पाहतो आणि संगणक सर्वांचेच पेट्रोल कमी करतो. परिणामी उरलेल्या तीन सिलिंडरांतून जादा ऑक्सिजन येऊ लागतो. बेरीज बरोबर दिसते, पण परिवर्तकात एका बाजूने इंधन आणि दुसऱ्या बाजूने प्राणवायू येऊन भट्टी पेटते. इंजिनाजवळील पाइपाच्या सांध्यातून हवा आत ओढली जात असेल किंवा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा होऊन चुकीचा निरोप देत असेल, तरीही हिशेब असाच बिघडतो.

काही वेळा दोष यंत्राचा नसून सवयीचा असतो. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांवर शिकलेला मेकॅनिक इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उपसतो आणि कोणता सिलिंडर मेला आहे ते कानाने ओळखतो. त्या काळी ही पद्धत उत्तम होती. परिवर्तक असलेल्या गाडीत मात्र ती पद्धत म्हणजे मुद्दाम केलेले मिसिंग होय. बॅटरी उतरली की गाडी धक्का मारून सुरू करण्याची आपल्याकडील सार्वत्रिक रीतही अशीच आहे. गाडी पेट घेईपर्यंत प्रत्येक हिसक्यासरशी न जळालेले पेट्रोल पुढे जाते, आणि परिवर्तक आधीच तापलेला असेल तर ते तेथे पेटते. इंजिन तेल जाळत असेल तर तेलातील फॉस्फरस उत्प्रेरकावर बसतो, हा दोष सावकाश मारणारा आहे.

भेसळीचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. पेट्रोलात केरोसीन किंवा स्वस्त द्रावण मिसळले की ते नीट जळत नाही, इंजिन ठोकू लागते आणि न जळालेले हायड्रोकार्बन परिवर्तकाकडे जातात. ग्राहकाला वाटते की आपल्याला चार पैशांचा गंडा बसला. प्रत्यक्षात त्याच्या गाडीतील हजारो रुपयांचा भाग आणि गावाची हवा या दोहोंवर तो घाला असतो. इंधनाची चोरटी भेसळ पकडू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडनजीक २५ जानेवारी २०११ रोजी जिवंत जाळण्यात आले. तपासणीसाठी पंपावरून इंधनाचा नमुना घेणारा निरीक्षक कोणत्या साखळीला हात घालीत असतो, हे त्या घटनेने महाराष्ट्राला कायमचे दाखवून दिले.

अति उष्णतेने काय घडते?

नऊशे अंशांच्या आसपास उत्प्रेरकाचे वय झपाट्याने वाढू लागते. तव्यावर विखुरलेले तेलाचे बारीक थेंब जसे एकमेकांत मिसळून मोठे होतात, तसे मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण एकत्र येतात. धातू तेवढाच राहतो, पण त्याचे उघडे पृष्ठफळ घटते आणि काम मंदावते. हजार अंशांपलीकडे ॲल्युमिनाच्या लेपाची रचनाच बदलते आणि त्याच्या खाचाखोचा मिटून जातात. ही हानी परत भरून येत नाही. चौदाशे अंशांच्या पुढे गेल्यास खुद्द वीटच वितळू लागते. वितळलेल्या विटेची छिद्रे बंद होतात, धुराला वाट राहत नाही, गाडीचा जोर जातो आणि चढावर ती ओढत नाही. वीट वितळली नाही, पण सैल होऊन फुटली, तर गाडीखालून खुळखुळ्यासारखा आवाज येतो.

तापमान मोजावे कसे?

जपानमध्ये १९७० च्या दशकात परिवर्तक आले, तेव्हा अनेक मोटारींत त्याच्यापाशी उष्णता ओळखणारा सेन्सर आणि डॅशबोर्डावर इशाऱ्याचा स्वतंत्र दिवा देण्यात येत असे. ती सोय साधी, स्वच्छ आणि सामान्य चालकाला समजणारी होती. पुढे इंजिनांवर संगणकाचे नियंत्रण आले, मिसिंग कमी झाले आणि पेट्रोल मोटारींतून असा दिवा जवळपास नाहीसा झाला. हे खर्चाच्या दृष्टीने समजण्यासारखे असले तरी चालकाच्या दृष्टीने ती एक हानीच होय.

प्रयोगशाळेत परिवर्तकाच्या विटेत बारीक भोक पाडून थर्मोकपल बसवितात. दोन भिन्न धातूंच्या तारांची टोके जोडली आणि तो सांधा तापला की तारांत अल्पसा विद्युत्‌दाब निर्माण होतो. तो मोजून तापमान काढता येते. क्रोमेल आणि अल्युमेल या मिश्रधातूंच्या तारांचा थर्मोकपल बाराशे अंशांपर्यंत काम देतो. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही तांब्याची आणि लोखंडाची तार जोडून, सांध्याखाली मेणबत्ती धरून आणि संवेदनशील गॅल्व्हॅनोमीटर लावून हे तत्त्व विद्यार्थ्यांना दाखविता येते.

रस्त्यावरील पेट्रोल गाड्यांपैकी बहुसंख्य गाड्यांत असा थर्मोकपल नसतो. त्यांचा संगणक तापमान मोजत नाही, तर त्याचा अंदाज बांधतो. इंजिनात किती हवा गेली, फेरे किती, ठिणगी केव्हा पडली, पेट्रोल किती सोडले, यावरून गणिताने तो परिवर्तक किती तापला असेल ते ठरवितो. गाडीच्या स्टिअरिंगखाली निदानासाठी सोळा टाचण्यांचे एक सॉकेट असते. त्यात छोटा जोडक बसवून मोबाइल दूरध्वनीवर हा आकडा काही गाड्यांत वाचता येतो. संगणक हा आकडा दोन संख्यांत पाठवितो. पहिल्या संख्येला २५६ ने गुणून त्यात दुसरी मिळवावी, बेरजेला १० ने भागावे आणि भागाकारातून ४० वजा करावेत, की अंश सेल्सिअस मिळतात. उदाहरणार्थ, २५ आणि १०० या संख्या आल्या तर ६४०० अधिक १०० म्हणजे ६५००. दहाने भागून ६५०. त्यातून ४० गेले की ६१० अंश. सपाट रस्त्यावरील प्रवासात असा आकडा दिसला तर काळजीचे कारण नाही. चढ संपून बराच वेळ झाला तरी आकडा नऊशेच्या आसपास रेंगाळत असेल तर मात्र गाडी दाखवून घेणे इष्ट.

तथापि या आकड्यावर पूर्ण विसंबणे धोक्याचे आहे. तो अंदाज असेल तर इंजिन नीट पेटत आहे हे त्यात अनेकदा गृहीत धरलेले असते. ज्या वेळी मिसिंगमुळे वीट वितळण्याच्या मार्गावर असते, नेमका त्याच वेळी मोबाइलवरचा आकडा शांत राहू शकतो. प्रत्यक्ष सेन्सर आहे की केवळ गणित आहे, हे गाडीच्या सेवा-पुस्तिकेवरून पाहून घेतल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लावू नये.

दुरून तापमान दाखविणारे अवरक्त किरणांचे पिस्तूलही आता अनेक गॅरेजांत आणि आरोग्य केंद्रांत दिसते. आरोग्य केंद्रातील ज्वर मोजण्याचे पिस्तूल येथे उपयोगाचे नाही, त्याचा पल्ला फारच थोडा असतो. गॅरेजमधील पिस्तूलही परिवर्तकाचे बाहेरचे कवच पाहते. वीट आणि कवच यांच्यामध्ये उष्णतारोधक थर असल्याने कवच आतील विटेपेक्षा पुष्कळ थंड असते. शिवाय चकचकीत पोलाद आपली उष्णता कमी प्रमाणात बाहेर फेकते, त्यामुळे पिस्तूल खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखविते; गंजून काळवंडलेल्या जागी तो अधिक विश्वसनीय असतो. परिवर्तकाच्या पुढे आणि मागे पाइपाचे तापमान घेऊन ‘मागचा पाइप अधिक गरम असेल तर परिवर्तक जिवंत’ असे जुने मेकॅनिक ठरवीत. जुन्या गाड्यांत हा ठोकताळा बराच खरा होता. आजच्या इंजिनांतून येणारा धूर मुळातच इतका निवळलेला असतो, की निरोगी परिवर्तकातही हा फरक फारसा दिसत नाही. मागचा पाइप पुढच्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेला आढळला तर मात्र तो परिवर्तकाच्या आरोग्याचा पुरावा नसून इंजिनाच्या आजाराचा पुरावा समजावा.

पिवळा दिवा

सामान्य चालकासाठी सर्वांत भरवशाचे साधन डॅशबोर्डावरच आहे. इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा स्थिर लागला तर गाडी लवकरच दाखवावी. पण बहुतेक गाड्यांत हा दिवा उघडझाप करू लागला, तर त्याचा अर्थ परिवर्तकाला इजा पोचेल इतके मिसिंग या क्षणी चालू आहे असा असतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडावा, वेग उतरवावा आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे. ‘तालुक्यापर्यंत नेऊ, मग बघू’ हा विचार तीस-चाळीस किलोमीटरांत काहीशे रुपयांच्या कॉइलचे काम परिवर्तकाच्या मोठ्या खर्चापर्यंत नेतो. सरकारी गाडीच्या बाबतीत चालकाला थांबण्याचा अधिकार आहे, हे गाडीत मागे बसलेल्या अधिकाऱ्याने स्वतःहून सांगितले पाहिजे. दौऱ्याची वेळ चुकेल या धास्तीने चालक दिव्याकडे काणाडोळा करतो, असे घडण्याचा संभव मोठा आहे.

हे मिसिंग संगणक ओळखतो कसे, तेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक सिलिंडर पेटला की इंजिनाच्या मुख्य दांड्याला एक धक्का बसतो आणि तो किंचित वेग घेतो. दांड्यावरील दातेरी चाकाजवळचा सेन्सर हे सूक्ष्म चढउतार मोजतो. एक धक्का चुकला की दांडा क्षणभर मंदावतो आणि ते नोंदले जाते. परंतु खाचखळग्यांच्या रस्त्यावर चाकांना बसणारे हिसकेही दांड्यापर्यंत पोचतात. खोटा इशारा होऊ नये म्हणून अनेक गाड्यांत अशा रस्त्यावर ही तपासणी तात्पुरती थांबविलेली असते. म्हणजे वाडीवस्तीच्या कच्च्या रस्त्यावर दिवा लागला नाही एवढ्याने इंजिन निर्दोष ठरत नाही. थरथर, ओढ कमी होणे, सायलेन्सरमधून फटाक्यासारखे आवाज येणे आणि कच्च्या पेट्रोलाचा वास या खुणांकडेच लक्ष ठेवावे लागते.

पी.यू.सी. प्रमाणपत्राविषयीही एक गैरसमज आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ अन्वये ही तपासणी होते आणि भारत स्टेज चार व त्यापुढील पेट्रोल मोटारींना गाडी उभी असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. पण नळी सायलेन्सरच्या टोकाला लावली जाते, म्हणजे परिवर्तकाने आपले काम केल्यानंतरचा धूर मोजला जातो. इंजिन थोडे बिघडले असले तरी तापलेला परिवर्तक ते झाकून टाकतो आणि प्रमाणपत्र मिळते. स्वच्छ प्रमाणपत्र हाती असताना परिवर्तक आतून झिजत असू शकतो.

गवत, पाचट आणि खळे

गाडीखाली आग लागण्याची भीती अमेरिकेत परिवर्तक आल्यापासूनच व्यक्त होऊ लागली आणि तेथील वनखात्याच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात त्याची पाहणी केली. म्हणूनच जवळजवळ प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नये अशी सूचना असते. ती सहसा कोणी वाचत नाही. महाराष्ट्रात दिवाळीनंतर डोंगरपठारावरील गवत वाळते, उसाच्या फडात पाचट पसरलेले असते आणि यात्रा-जत्रांचा हंगामही नेमका त्याच सुमारास सुरू होतो. यात्रेच्या वेळी ग्रामपंचायत एखादे माळरान वाहनतळ म्हणून देते. तेथील गवत आधी कापून उचलले नाही, तर घाट चढून आलेल्या शेकडो गाड्या आपापल्या भट्ट्या त्या गवतावर ठेवून निघून जातात. वाहनतळाची जागा साफ करून घेणे, कडेने जाळरेषा काढणे आणि पाण्याचा टँकर जवळ ठेवणे यासाठी लागणारा खर्च यात्रेच्या एकूण खर्चात नगण्य आहे.

गाडीखालील पातळ पत्र्याचे उष्णतारोधक कवच खडखडते म्हणून काढून टाकण्याची सवयही घातक आहे. ते कवच वाजत असेल तर घट्ट करावे. त्याच्या फटीत अडकलेले गवत, पिशव्या आणि दुरुस्तीच्या वेळी विसरलेली चिंधी वरचेवर काढावी, मात्र गाडी पूर्ण निवल्यावरच.

डिझेल गाड्यांचा विषय थोडा वेगळा आहे. भारत स्टेज सहाच्या डिझेल वाहनांत काजळी अडविणारी गाळणी असते. ती भरली की संगणक जादा डिझेल सोडून पुढील उत्प्रेरकात उष्णता निर्माण करतो आणि सुमारे साडेपाचशे ते साडेसहाशे अंशांना काजळी जाळून टाकतो. म्हणजे जी गोष्ट पेट्रोल गाडीत अपघाताने घडते ती येथे हेतुपूर्वक घडविली जाते. या गाड्यांत प्रत्यक्ष तापमान मोजणारे सेन्सर असतात, ही जमेची बाजू. पण ही क्रिया चालू असताना गाडी खळ्यावर, कडब्याच्या गंजीजवळ किंवा पाचटावर उभी असेल तर धोका उघड आहे. मळणीच्या दिवसांत शेतापर्यंत मालवाहू गाडी नेणाऱ्यांनी तो दिवा ओळखण्यास शिकून घ्यावे. गाळणी स्वच्छ होत असल्याची सूचना दिसत असताना इंजिन वारंवार बंद केल्यास काजळी अर्धवट राहते आणि पुढच्या खेपेला अधिक साचलेली काजळी एकदम जळते, हेही चालकांना सांगून ठेवले पाहिजे.

परिवर्तक बंद पडला आहे असे वाटल्यास काही ठिकाणी तो काढून त्या जागी सरळ पाइप जोडून दिला जातो. गाडी हलकी पळू लागते आणि मालक खूश होतो. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाची मानके मोडणे हा अपराध आहे आणि शाळेच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलांच्या नाकाशी तो धूर जातो. उलट, घाईने नवा परिवर्तक बसविणेही शहाणपणाचे नाही. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावला तर धुराला अडथळा आहे की नाही ते कळते. इंजिनाच्या अडीच हजार फेऱ्यांना साधारण ०.२ बारपेक्षा अधिक दाब आला तर वीट बुजली असे समजतात. वीट बुजलेली किंवा वितळलेली निघाली, तर ती कशाने वितळली ते शोधून प्लग, कॉइल, इंजेक्टर आणि पुढचा सेन्सर यांचा दोष आधी दूर करावा लागतो. तसे न केल्यास नवी वीट जुन्या विटेच्याच वाटेने जाते, आणि दुसऱ्या खेपेला ती बहुधा पहिल्यापेक्षा लवकर जाते.